दादोबा आणि ‘पर्यंत’

१९९४ सालच्या जानेवारीत मी मुरबाडच्या एका बँक शाखेतून विभागीय कार्यालयाला एक पत्र पाठवले. पत्र इंग्रजीत होते, जेमतेम पाच ओळींचे. काळू नदीकाठच्या एका शेतकऱ्याने डिझेल इंजिनासाठी कर्ज काढले होते आणि त्याचे दोन हप्ते थकले होते. विकलेल्या भाताचे पैसे व्यापाऱ्याकडून मार्चअखेर यायचे होते, उन्हाळी भेंडी नुकतीच धरली होती. माणूस बुडवणारा नव्हता. वसुलीची कारवाई ३१ मार्चपर्यंत थांबवून ठेवावी, एवढेच मला वरिष्ठांना सांगायचे होते. वाक्य मनात मराठीत तयार झाले, आणि टाइपरायटरवर इंग्रजीत उतरले तेव्हा त्यातल्या ‘पर्यंत’चा मी ‘बाय’ करून टाकला होता. थांबवून ठेवण्यासाठी ‘हेल्ड’ हे क्रियापद योजले होते. ॲक्शन मे बी हेल्ड बाय थर्टीफर्स्ट मार्च.

ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांच्या लक्षात घोटाळा आलाच असेल. ‘हेल्ड’चा सरळ अर्थ भरवली, पार पाडली असा होतो. सभा हेल्ड होते, परीक्षा हेल्ड होते. आणि तारखेमागे ‘बाय’ लावला की ते काम त्या तारखेच्या आत, उशिरात उशिरा त्या दिवशी व्हायला हवे. म्हणजे कारवाई ३१ मार्चच्या आत उरकून घ्यावी, अशी शिफारस खुद्द शाखेच्या मॅनेजरनेच केली होती! विभागीय कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी जे लिहिलेले होते तेच वाचले, यात त्यांचा काय दोष? फेब्रुवारीत मी दोन दिवस रजेवर असताना वसुली पथकाची जीप आली आणि तारण असलेले इंजिन उचलून घेऊन गेली. ते परत मिळवायला मला नऊ दिवस लागले. भेंडीने काही नऊ दिवस वाट पाहिली नाही.

तेव्हा माझे बिऱ्हाड शहापूरला होते. रोज सकाळी किन्हवली-सरळगावमार्गे एसटीने मुरबाड आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. शेजारी एक निवृत्त गुरुजी राहत. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांतून मराठी आणि इंग्रजी शिकवलेले, माहुलीच्या किल्ल्याकडे तोंड करून ओट्यावर बसणारे. त्यांच्यापाशी मी मन मोकळे केले. त्यांनी मला धीर वगैरे काही दिला नाही. मूळ वाक्य मराठीत लिहून दाखवायला सांगितले, ‘पर्यंत’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि या शब्दाची जात विचारली. शब्दयोगी अव्यय, मी म्हणालो. हे नाव शाळेत कुणाच्या पुस्तकातून आले, ते ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. ते मला ठाऊक नव्हते. गुरुजी आत गेले आणि पिवळ्या पडलेल्या पानांचे एक जाडजूड पुस्तक घेऊन बाहेर आले. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली संपादित केलेले रावबहादूर दादोबा पांडुरंग यांचे आत्मचरित्र व चरित्र.

तर्खडकर हे आडनाव ऐकले की जुन्या पिढीला इंग्रजी शिकवणारी भाषांतर पाठमाला आठवते. हे तर्खडकर त्याहून जुने. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचे नाव व्याकरणाच्या पुस्तकांतून एका ओळीत येते आणि पुढे सरकते, ते हे दादोबा. ती एक ओळ पाठ करून मी परीक्षा दिली होती. त्या एका ओळीमागे केवढा माणूस उभा आहे, हे पुढचे काही महिने त्या एसटीच्या खिडकीशी बसून मी वाचले.

घराणे मूळचे तर्खडचे. तर्खड हे गाव वसई तालुक्यातले. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा निघेपर्यंत ते आमच्याच ठाणे जिल्ह्यात होते. दादोबांचा जन्म मात्र मुंबईचा, ९ मे १८१४ चा. वडील पांडुरंग, आई यशोदा. दादोबा चार वर्षांचे असताना पुण्यात पेशवाई संपली. मुंबई तर कंपनी सरकारच्या ताब्यात आधीपासूनच होती. त्या काळच्या मुलांप्रमाणे पंतोजींच्या शाळेपासून त्यांची सुरुवात झाली. पण नशीब असे की ते वाढत होते तेव्हाच मुंबईत एक नवी शाळा वाढत होती. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने इंग्रजी आणि देशी भाषांचे शिक्षण सुरू केले होते. १८२७ साली गव्हर्नर एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमवले आणि त्या पैशातून पुढे विलायतेहून प्राध्यापक आले. बाळशास्त्री जांभेकर याच वातावरणातले, दादोबांहून वयाने थोडेसेच मोठे. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा दादोबा सतरा वर्षांचे होते.

या मुलांपुढे जे इंग्रजी आले ते घरातून, रस्त्यातून आलेले नव्हते. ते व्याकरणाच्या पुस्तकातून आले. त्या काळी जगभर चालणारे इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडले मरे यांचे. हे गृहस्थ अमेरिकेतले वकील. प्रकृतीसाठी इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी १७९५ साली हे व्याकरण लिहिले. त्याच्या लाखो प्रती खपल्या. यॉर्कच्या मुलींसाठी लिहिलेले ते पुस्तक मुंबईच्या मुलांच्या हाती पडले. परकी भाषा अशी नियमांच्या दारातून शिकणाऱ्या मुलाला एक दिवस हमखास प्रश्न पडतो, की मग माझ्या भाषेचे नियम कुठे आहेत? बहुतेकांना तो पडतो आणि मावळतो. दादोबांना तो पडला आणि त्यांनी त्याचे पुस्तक केले.

मराठीचे व्याकरण त्याआधी लिहिले गेले नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांचे १८०५ चे व्याकरण श्रीरामपूरला, म्हणजे बंगालात, छापले गेले होते. पण ते इंग्रजीत होते, साहेबाला मराठी यावी म्हणून लिहिलेले. दादोबांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले. बाळशास्त्रींचे बालव्याकरणही त्याच वर्षीचे. दादोबांचे वय तेव्हा बावीस. आपल्या घरातली बावीस वर्षांची मुले डोळ्यांपुढे आणावीत. एका अख्ख्या भाषेच्या शब्दांना जाती लावून देण्याचे काम या पोराने अंगावर घेतले होते!

आराखडा मरे यांचा, परिभाषा पुष्कळशी संस्कृतातली आणि माल मराठीचा, अशी ती मांडणी होती. यावर पुढे टीका झाली आणि ती खोटी नव्हती. आठ विभक्ती संस्कृतातून आणल्या आणि शब्दांच्या जाती इंग्रजीतून, हा आक्षेप आजही व्याकरणाचे जाणकार घेतात. पण आराखडा उसना घेतला तरी त्यातले प्रत्येक खण मराठीला नीट बसते का, हे पाहावेच लागते. इंग्रजीत आर्टिकल आहे, मराठीत नाही. तो खण गेला. आणि मग आला प्रीपोझिशनचा खण. याच ठिकाणी माझ्यासारख्या, ‘बाय’ने एका माणसाची भेंडी वाळवलेल्या इसमाला दादोबांपुढे थांबावे लागले.

प्रीपोझिशन या लॅटिन मुळाच्या शब्दाचा अर्थच मुळी आधी ठेवलेला असा आहे. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो: ऑन संडे, बिफोर दिवाळी, टिल मार्च. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या माणसाने त्याचे मराठी पूर्वस्थित किंवा तसेच काही केले असते आणि पहिल्याच उदाहरणाला तोंडघशी पडला असता. कारण मराठीत हा शब्द आधी येत नाही, मागून येतो. नुसता येतही नाही, जोडून येतो. आणि जोडून घेण्यासाठी पुढचा शब्द आपले रूप थोडे वाकवून त्याला जागा देतो. घर, पण घरापासून. सण, पण सणापर्यंत. संस्कृतातला उपसर्ग हा शब्दही हाताशी होता, पण तो चिकटतो धातूच्या आधी. दादोबांच्या व्याकरणातून शाळाशाळांत गेले ते नाव शब्दयोगी. शब्दाशी योग पावणारा. आधी की मागून याचा त्यात उल्लेखच नाही. मराठीत तो शब्द जे काम करतो त्या कामाचे ते नाव आहे. कंजंक्शनचे उभयान्वयीही तसेच. दोन्ही बाजूंशी ज्याचा अन्वय लागतो तो. दीडशेहून अधिक वर्षे मराठी मुले ही नावे घोकत आली. त्यांत किती विचार आहे हे मला कुणी शाळेत सांगितले असते तर बरे झाले असते.

गुरुजींचे म्हणणे असे, की आपले इंग्रजी बिघडते ते नेमके याच सांध्यावर आणि त्यातही काळ दाखवताना सर्वात जास्त. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी दहावीची पाच-सहा मुले यायची, वासिंद-आसनगावकडची एक-दोन, बाकी गावातली. मीही त्यांच्यात बसू लागलो. गुरुजी मराठीतला एकच शब्द घ्यायचे आणि इंग्रजीत त्याच्या किती वाटा फुटतात ते दाखवायचे.

‘पर्यंत’चेच पाहा. मी सहापर्यंत बँकेत आहे, यात सहा वाजेतोवर मी सलग तिथेच आहे; हा ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. मी सहापर्यंत घरी पोचतो, यात पोचणे एका क्षणात होते, तो क्षण सहाच्या पुढे जाणार नाही; हा ‘बाय’. मराठीला एकच शब्द पुरतो, कारण आपले क्रियापदच सांगते की काम चालू राहायचे आहे की एकदाच व्हायचे आहे. इंग्रजी ती खूण अव्ययावर ठेवते. पैसे भरणे एकदाच होते, म्हणून बाय. कारवाई थांबलेली राहायची आहे, म्हणून टिल. एवढे सोपे होते हो ते!

‘पासून’चेही तेच. १९९० पासून इथे राहतो आणि चार वर्षांपासून इथे राहतो, ही दोन्ही वाक्ये मराठीत सुखाने नांदतात. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, कारण तो सुरुवातीचा बिंदू आहे. दुसऱ्याला ‘फॉर’, कारण ते अंतर आहे. सिन्स फोर इयर्स म्हणणारा मराठी माणूस मुंबईपासून नागपूरपर्यंत कुठेही भेटेल. शिवाय राहतो या आपल्या साध्या वर्तमानकाळाला इंग्रजी तिथे परवानगी देत नाही. काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, हे तिला क्रियापदातही हवे असते: हॅव बीन लिव्हिंग. म्हणजे एका ठिकाणी ती अव्ययावर विसंबते, दुसऱ्या ठिकाणी दोन्हीकडे पहारा बसवते.

रविवारी, सकाळी, रात्री, मार्चमध्ये, सहा वाजता. आपल्याकडे बहुतेक काम एका ‘ई’ने किंवा ‘त’ने भागते. इंग्रजीत वाराला आणि तारखेला ‘ऑन’, महिन्याला आणि वर्षाला ‘इन’, घड्याळातल्या वेळेला ‘ॲट’. सकाळला इन, पण रात्रीला ॲट. आणि सोमवारची सकाळ म्हटली की पुन्हा ऑन, कारण सोमवार जिंकतो. यामागे फार मोठे तत्त्व शोधू नये, असे गुरुजी म्हणत. जिथे तत्त्व आहे तिथे ते समजून घ्यावे, नाही तिथे पाठ करावे, दोन्हींची लाज वाटू नये.

सर्वात गमतीचे ते उभयान्वयींचे. आपण जोडीने बोलतो: जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजीत जोडीतला एकच येतो. जेव्हा पाऊस पडेल तेव्हा पेरू, यातल्या ‘तेव्हा’साठी व्हेनच्या पुढे देन घातला की वाक्याला उगाच दुसरे शेपूट फुटते. ‘पडेल’चा भविष्यकाळही तिथे चालत नाही, व्हेन इट रेन्स असा वर्तमानच लागतो. आणि जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांबा, यातला आपला ‘नाही’ इंग्रजीत गळून पडतो, कारण अन्टिलच्या पोटात तो आधीच आहे. अन्टिल ही कम्स. पुढे बँकेत ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तरे लिहिताना मी कितीतरी सहकाऱ्यांच्या मसुद्यातला हा ‘नॉट’ खोडला आहे. खोडताना दरवेळी मला तो ओटा आठवे.

दादोबांकडे परत यायला हवे, कारण व्याकरण हा त्यांच्या आयुष्याचा एकच धागा आहे. पोटासाठी त्यांनी आधी शिक्षकी केली. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून ते काही काळ गेले, मग मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत, पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत. तिथे त्यांना दुर्गाराम मेहताजी भेटले आणि १८४४ साली मानवधर्म सभा निघाली. दादोबा, दुर्गाराम, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास. पाच दकारांची सभा म्हणून ती ओळखली गेली. जातिभेद, मूर्तिपूजा, जादूटोणा यांविरुद्ध ती उघड बोलत होती. १८४६ साली बाळशास्त्री अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले आणि शिक्षक तयार करणाऱ्या मुंबईच्या नॉर्मल स्कूलचे काम दादोबांकडे आले.

मुंबईत आल्यावर १८४९ च्या सुमारास निघालेली परमहंस सभा मात्र गुप्त होती. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव आणि मुसलमानाच्या हातचे पाणी घ्यायचे, असा तिचा दंडक होता. आज वाचताना हसू येईल, पण त्या काळी एवढ्यावरून माणूस जातीबाहेर पडत असे. त्याच्या मुलीचे लग्न, त्याच्या घरचे तेरावे, सगळे अडत असे. अशा सभेची मुळे सुरतेपर्यंत आणि दादोबांनी लिहिलेल्या ‘धर्मविवेचना’पर्यंत जातात. तो ग्रंथ त्यांनी १८४३ सालीच लिहून ठेवला होता. छापला गेला तो पंचवीस वर्षांनी, १८६८ साली, आणि तोही आपले नाव न घालता, एक जगद्वासी आर्य या नावाने. १८६० साली सभेच्या सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि सभा विरून गेली.

नाव न घालण्यावरून दादोबांना भित्रे म्हणणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. मीही पस्तीस वर्षे नोकरी केली आहे. मनातले सगळे सहीनिशी लिहिणारा नोकरदार मी फार पाहिलेला नाही आणि मी तो नव्हतो. पण त्यांना शूर ठरवून मोकळे होणेही बरोबर नाही. स्वतःच्या व्याकरणावर त्यांनी बाविसाव्या वर्षी नाव घातले आणि धर्मविचारावर पन्नाशी उलटली तरी घातले नाही, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

त्यांचा धाकटा भाऊ भास्कर वेगळ्या घडणीचा. त्यानेही तेच इंग्रजी शिकले आणि १८४१ साली बॉम्बे गॅझेटमध्ये टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजांच्या राज्यकारभाराचेच वाभाडे काढले. या देशाची संपत्ती बाहेर कशी चालली आहे, हे त्याने दादाभाई नवरोजींच्या कितीतरी आधी मांडले. राज्यकर्त्यांच्या भाषेत राज्यकर्त्यांना जाब विचारायचा म्हणजे त्यांची अव्ययेसुद्धा पक्की असावी लागतात. भास्कर १८४७ साली, तिशीतच गेला. त्यांच्याहून धाकटे आत्माराम हे डॉक्टर झाले. १८६७ साली प्रार्थना समाज त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. त्यांची मुलगी अन्नपूर्णा विलायतेला जाऊन आली होती. १८७८ साली सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर इंग्लंडला जाण्यापूर्वी इंग्रजी बोलण्या-वागण्याची सवय व्हावी म्हणून मुंबईत याच घरी राहिले आणि त्यांना ते शिकवले या मराठी मुलीने. एका कुटुंबात इंग्रजी कुठकुठे पोचले पाहा.

दादोबा स्वतः १८५२ साली अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. शिक्षकाचा महसुली अधिकारी झाला. भिल्लांच्या उठावाच्या बंदोबस्तात त्यांनी काम केले आणि त्यांना रावबहादूर किताब मिळाला. एसटीत हे वाचताना मी पुस्तक मांडीवर ठेवले होते. मुरबाड-शहापूरच्या रानात आमच्या कर्जदारांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी होते. १९४३ च्या २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले तो सिद्धगड याच तालुक्यातला. मराठीच्या शब्दांना हळुवारपणे नावे देणारा माणूस भिल्लांच्या बाबतीत सरकारच्या बाजूला उभा होता, ही गोष्ट मला टोचली आणि अजून टोचते. त्याच सुमारास, १८५७ साली, याच माणसाने विधवांच्या पुनर्विवाहाच्या बाजूने ‘विधवाश्रुमार्जन’ लिहिले, हेही खरे.

अधिकारपद आले तरी व्याकरण सुटले नाही. १८५० साली दुसरी आवृत्ती, १८५७ साली तिसरी. दरवेळी नुसता पुन्हा छापखाना चालवलेला नाही, तर सुधारलेली, वाढवलेली. १८६५ साली शाळांसाठी ‘लघुव्याकरण’ आले. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरची त्यांची टीका निघाली. तिचे नाव त्यांनी आईवडिलांच्या नावांवरून ‘यशोदापांडुरंगी’ ठेवले. १८७८ साली स्वीडनबोर्ग या युरोपीय अध्यात्मवाद्याच्या ग्रंथांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले. पंतोजींच्या शाळेत सुरुवात केलेल्या मुलाचे इंग्रजी आता लंडनचे वाचक वाचत होते.

मधल्या काळात पुण्याहून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’त लेख लिहून दादोबांच्या व्याकरणातली एकेक गाठ सोडवायला, खरे तर उसवायला, घेतली. कृष्णशास्त्री संस्कृतचे आणि तर्कशास्त्राचे मोठे अधिकारी. मराठीला इंग्रजी किंवा संस्कृताच्या मापाने मोजू नये, हा त्यांचा आग्रह. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या सगळ्या वादांचा जमाखर्च मांडला. दामले कवी केशवसुतांचे भाऊ आणि व्यवसायाने प्राध्यापक, हे इथे सांगायला हवे. दोन भाषांच्या सांध्यावर उभी राहणारी माणसेच या कामाला लागतात असे दिसते. स्वतः दादोबा आयुष्याच्या अखेरीपर्यंत दुरुस्त्या करत राहिले. १८८१ साली, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणाची ‘पूरणिका’ प्रसिद्ध केली. राहिलेले, सुटलेले, चुकलेले पुरे करणारी. पहिल्या पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ ला, ते गेले.

या पूरणिकेपाशी मी फार वेळ थांबलो होतो. मी माझ्या चुकीच्या पत्राला दुरुस्तीपत्र पाठवले होते आणि प्रकरण मिटले असे मानले होते. त्या शेतकऱ्याला मात्र मी अजून तोंड दाखवले नव्हते. इंजिन परत पोचवायला शिपाई गेला होता, मी नाही.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी काळूच्या काठी गेलो. भेंडीची ताटे उभी होती, पण वाळलेली. ते बांधावर बसले होते. मी त्यांना दादा म्हणत असे, ते मला साहेब. पत्र मीच लिहिले होते, त्यातला एक शब्द चुकला आणि त्यामुळे जीप आली, हे मी त्यांना सांगितले. कोणता शब्द, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. एवढ्या शिकलेल्या माणसाचा ‘पर्यंत’ कसा चुकतो, हे त्यांना काही केल्या समजेना. मी समजावून सांगायला गेलो आणि मध्येच गप्प झालो. मग त्यांच्या बायकोने चहा आणला. नुकसानीचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला, आणि धाकटा मुलगा यंदा दहावीला आहे, इंग्रजीत कच्चा आहे, एवढेच म्हणाले.

तो मुलगा परीक्षा होईपर्यंत रोज संध्याकाळी माझ्याबरोबर एसटीने शहापूरला आला. गुरुजींच्या ओट्यावर शिकला, रात्री आमच्याकडे जेवून झोपला आणि सकाळी माझ्याबरोबर परत गेला. मराठी वाक्यातला ‘पर्यंत’ दिसला की तो आधी क्रियापदाकडे बघायचा, चालू राहणारे की एकदाच होणारे, आणि मग टिल की बाय ते ठरवायचा. हे त्याला माझ्याआधी साधले.

दादांनी थकबाकी भरली ती ३० मार्चला, दुपारी, काउंटर बंद व्हायच्या थोडे आधी. पावती घेऊन ते समोर बसले आणि साहेबांनी वर कळवावे, आपल्या देखत कळवावे, असे म्हणाले. मी कागद टाइपरायटरला लावला. हप्ता पूर्ण भरला, कारवाई बंद करावी, असा मजकूर. तारखेपाशी आलो आणि बोटे थांबली. मुलगा शेजारी उभा होता, त्या वर्षीचे पेपर संपले होते. त्याने वाकून कागदाकडे पाहिले आणि हळूच ‘ऑन’ म्हणाला.